सुदर्शनच्या उतारावर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी मी दिवसभर सायकल चालवली. माझं वय सत्तावन्न, गुडघे कुरकुरणारे, आणि सायकलला पाय लावून पस्तीस वर्षं झालेली. वाशीमसारख्या गावात एवढी बातमी चहाच्या टपरीवर आठवडाभर पुरते. "काहून चाचा, मोटारसायकल इकली काय?" असं त्या दिवशी किमान चौघांनी विचारलं. मी काही विकलं नव्हतं. मला एका पोरानं फिरायला नेलं होतं आणि त्याचे पैसे मी मोजले होते. आपल्याच गावाच्या आजूबाजूला फिरायला पैसे मोजणारा माणूस, हा टपरीवरचा दुसरा विषय.

हा पोरगा आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो. पुण्यात सात वर्षं नोकरी केली. तिथं सुटीच्या दिवशी लोकांना डोंगराकडे सायकलवर फिरवून आणण्याचं काम शिकला. वडील आजारी पडले म्हणून परत आला, आणि येताना गिअरच्या सहा जुन्या सायकली टेम्पोत घालून घेऊन आला. वाशीममध्येही अशा सहली निघतील, असं त्याचं म्हणणं. घरच्यांचं म्हणणं एवढंच, की इथं पाहायला आहे काय?

एका संध्याकाळी त्यानं मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. दक्षिण अमेरिकेतला पेरू देश, अँडीज पर्वत. कुझको हे गावच मुळी समुद्रसपाटीपासून जवळपास ३४०० मीटर उंचीवर. तिथून पर्यटकांना गाडीनं डोंगराळ पठारावर नेतात, हाती सायकली देतात, आणि मग वाटाड्या पुढे, बाकीचे मागे, असे सगळे शेतांमधून खाली उतरत येतात. वाटेत मोराय लागतं. मोठ्या खळग्यात इंका लोकांनी बांधलेली गोल गोल पायऱ्यांची शेती; एकात एक ठेवलेल्या थाळ्यांसारखी दिसते. पुढे मारासची मिठागरं. डोंगरातून खारं पाणी झिरपतं, ते उतारावरच्या हजारो लहान लहान वाफ्यांतून फिरवतात. हे काम आजही चालू आहे. चित्रफीत संपली तेव्हा तो म्हणाला, "चाचा, हे लोक नुसत्या भिंती नाही दाखवत. पाणी कसं फिरवलं ते दाखवतात. आपल्याकडे असं काही आहे का? तुम्ही पुस्तकं वाचता."

असं काही आपल्याकडे आहे, हे मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलं होतं, दोन कार्यक्रमांत त्यावर बोललोही होतो. पण घरापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या त्या जागी मी सत्तावन्न वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. त्या गावाचं नाव हिसे-बोराळा.

फजरची नमाज आटोपून मी पद्मतीर्थावर पोचलो तेव्हा अजून उजाडायचं होतं. आम्ही सहा जण होतो. वाटाड्या, बँकेतल्या एक बाई, कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली, एक निवृत्त मास्तर आणि मी. तळ्यावर धुकं होतं. वाशीमच्या माहात्म्यात इथल्या १०८ तीर्थांची गणना आहे. त्यांतलं हे पद्मतीर्थ. वासुकी नावाच्या राजाचं कोड याच पाण्यात अंघोळ केल्यानं गेलं, अशी आख्यायिका. मास्तर हळूच म्हणाले, "एकशेआठ तीर्थं, आणि आपल्या नळाला उन्हाळ्यात पाणी आठव्या दिवशी." सगळे हसले. पण ते वाक्य दिवसभर आमच्याबरोबर राहिलं.

सायकलवर बसलो आणि मला पहिल्यांदा अब्बा आठवले. आम्ही पिंजारी. अब्बा खेड्यापाड्यांत गाद्या-रजया भरून द्यायचे. सायकलच्या दांडीला धनुकली बांधलेली, मागे कॅरिअरवर गाठोडं. मी सायकल शिकलो ती त्याच सायकलवर, कैची मारत, दांडीखालून पाय घालून. आणि बी.ए.ला गेल्यावर त्याच सायकलवर बसायला मी लाजू लागलो. अब्बांचा एक नियम होता. "सुबह को चढाव, शाम को ढलान." सकाळी अंगात दम असतो, तेव्हा चढाच्या गावाला जायचं. संध्याकाळी थकून येताना वाट उताराची असली पाहिजे. वाशीमच्या चारी बाजूंची गावं त्यांनी अशी मनात लावून ठेवली होती. मला ते तेव्हा अडाण्याचं शहाणपण वाटायचं.

आमच्या वाटाड्यानं तो नियम पहिल्याच फटक्यात मोडला. त्यानं आम्हाला आधी दक्षिणेला काढलं, म्हणजे उताराला.

गाव मागे पडलं. हिंगोलीकडे जाणारा रस्ता आता महामार्ग झाला आहे. अकोल्याहून नांदेडला जाणाऱ्या गाड्या पाठीमागून वारा मारत जातात. पण हा रस्ता काही आजचा नव्हे. १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. वाकाटक राजा विंध्यशक्ती, म्हणजे या नावाचा दुसरा, याच्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी तो वत्सगुल्माहून दिला गेला. वत्सगुल्म म्हणजेच वाशीम. चौथ्या शतकातली गोष्ट. त्यात एक गाव ब्राह्मणांना दान दिलं आहे, आणि ते कुठं आहे हे सांगताना लिहिलं आहे, की नांदीकडच्या उत्तर मार्गावर. नांदीकड म्हणजे आजचं नांदेड, असं अभ्यासक सांगतात. ट्रक भोंगा वाजवत गेला की आपल्याला वाटतं, रस्ता काल-परवा झाला. मी हे मुलींना सांगितलं, तेव्हा एक म्हणाली, "म्हणजे सोळाशे वर्षं हा नांदेडचाच रस्ता आहे?" मी म्हटलं, तेव्हा टोलनाका होता की नाही, तेवढं ताम्रपटात नाही.

मग वाटाड्यानं आम्हाला पांदणीत घातलं. दोन्ही बाजूंनी बाभळी, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या, आणि त्या चाकोऱ्यांत वाळून दगड झालेली काळी माती. इथं गिअरच्या सायकलची किंमत कळते. वाटाड्या ओरडून सांगत होता, "चाकाकडे पाहू नका, दहा हात पुढे पाहा. ब्रेक दाबून धरू नका, सोडून सोडून मारा." हरभरा घाट्यांवर आला होता. तुरीची सोंगणी चालू होती. अर्ध्या तासात बँकेतल्या बाईंचं चाक बसलं, पाठोपाठ माझं. बाभळीचा काटा. वाटाड्यानं दहा-दहा मिनिटांत दोन्ही ट्यूब बदलल्या. तेवढ्यात शेजारच्या वावरातल्या म्हाताऱ्या बाईनं हरभऱ्याचे टहाळ उपटून आणून आमच्यापुढे टाकले. "खा बापा, दम खाल्ला की घाटेई खा." मला म्हणाली, "तुमी कोन गावचे?" मी सांगितलं, वाशीमचाच, पिंजाऱ्याचा. ती म्हणाली, "येत होता एक पिंजारी. सायकलीवर. लेकीच्या लग्नाच्या गाद्या त्यानंच भरल्या. आंगनात तंय् तंय् चालू असे." तो माझा बाप होता की दुसरा कोणी, हे आता कोण सांगणार? मी विचारलंही नाही. टहाळ सोलत बसलो.

हिसे-बोराळ्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. १९६०च्या दशकात या शिवारात एक शिलालेख सापडला. काळ वाकाटक राजा देवसेनाचा. त्याच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्यानं इथं एक तलाव बांधला आणि त्याचं नाव ठेवलं सुदर्शन. लेखात साल आहे, शक ३८०. म्हणजे इसवी सन ४५८च्या सुमाराचं. शक हे नाव घेऊन साल सांगणारा इतका जुना लेख सापडणं ही मोठीच गोष्ट, म्हणून अभ्यासक त्याला फार मान देतात. आपल्या पंचांगावर, लग्नपत्रिकेवर जो शक छापतात, त्याच्या इतिहासात आमच्या तालुक्यातल्या एका तळ्याला जागा आहे.

सुदर्शन हे नाव त्या माणसानं का ठेवलं असेल? गिरनारच्या पायथ्याशी मौर्यांच्या काळात बांधलेला सुदर्शन नावाचा तलाव प्रसिद्ध होता. तो पुरानं फुटला, रुद्रदामन राजानं दुसऱ्या शतकात बांधून काढला, पुन्हा फुटला, आणि स्कंदगुप्ताच्या राज्यात पुन्हा बांधला गेला. ही शेवटची दुरुस्ती इसवी सन ४५६च्या आसपासची. म्हणजे तिकडे सौराष्ट्रात जुन्या सुदर्शनचा बांध सावरत होता, त्याच दोन-चार वर्षांत इकडे वऱ्हाडात नव्या सुदर्शनचा बांध पडत होता. ना तार, ना टपाल. पण चांगल्या तळ्याची बातमी चालत चालत येत असावी.

"मग तलाव कुठाय?" दुसऱ्या मुलीनं विचारलं. हा प्रश्न रास्त होता. पेरूतल्या पर्यटकाला समोर दगडी पायऱ्या दिसतात. इथं काय दाखवायचं? त्या शिवारात आजही पाणी अडवलेलं आहे, पण तो आजच्या काळातला तलाव. वाटाड्यानं थोडा विचार केला आणि एक गंमत केली. आम्हाला एका चढावर नेलं. म्हणाला, "आता कोणी पॅडल मारायचं नाही. सायकल जिकडे जाईल तिकडे जाऊ द्या." आम्ही पाय उचलले. सायकली आपोआप निघाल्या, शेताच्या कडेनं, गवतातून, खाली खाली, आणि कोणी इकडून, कोणी तिकडून, सगळ्या जवळजवळ एकाच सखल जागी येऊन थांबल्या. तो म्हणाला, "पाऊस पडला की पाणीपण असंच येते."

कोणी काही बोललं नाही. पंधराशे वर्षांपूर्वी स्वामिल्लदेवाचा कोणी माणूस असाच या शिवारातून पायी फिरला असेल. त्याच्याकडे ना नकाशा, ना उपग्रह. पावसाळ्यात उभं राहून त्यानं पाहिलं असेल, पाणी कुठून येतं, कुठं थबकतं, कुठं पळून जातं. बांध नंतर. आधी उतार ओळखायचा.

त्या सखल जागेत बसून वाटाड्यानं आपल्या घरची गोष्ट सांगितली. त्याच्या वडिलांनी आपल्या चार एकरांत तीनदा बोअर मारली. तिन्ही वेळा खाली काळा पाषाण आणि वर धूळ. तिसऱ्या बोअरच्या कर्जासाठी तो पुण्याला गेला होता. म्हणाला, "चाचा, आम्ही पाणी खाली शोधत राहिलो. ह्या लोकांनी वर शोधलं, उतारावर." मी त्यावर काय बोलणार? कविता वाचून बोअरला पाणी लागत नाही.

परतीची वाट चढाची होती, आणि अब्बांचा नियम का होता ते दुपारच्या उन्हात माझ्या मांड्यांना कळलं. मोटारसायकलवर पस्तीस वर्षं याच भागात फिरलो, पण गावाकडे येताना जमीन चढते हे मला कधी जाणवलंच नव्हतं. इंजिनाला चढ कळतो, माणसाला कळत नाही. शेवटचे दोन किलोमीटर मी सायकल हातात धरून चाललो. निवृत्त मास्तर माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. ते शीळ घालत पुढे गेले.

दुपारी देव तलावाजवळ डबे सोडले. इथलं बालाजीचं मंदिर अठराव्या शतकात भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बांधलं. देऊळ बांधणाऱ्यानं देवापाशी पाणीही राखलं, हे त्या काळातलं रीतीचंच. पोळी, ज्वारीची भाकर, ठेचा, आमच्या घरचे शामी कबाब, आणि ज्यांना कबाब चालत नव्हते त्यांच्यासाठी बेसन, असं सगळं एका वर्तमानपत्रावर मांडलं गेलं. बँकेतल्या बाईंनी मला एक प्रश्न विचारला, जो मला आयुष्यभर विचारला गेला आहे. "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?"

पूर्वी मला या प्रश्नाचा राग यायचा. त्या दिवशी आला नाही. मी त्यांना राजशेखराची गोष्ट सांगितली. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा हा पंडित. त्याच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथात एक कथा आहे. काव्यपुरुष, म्हणजे साक्षात कविताच पुरुषरूपात, देशोदेशी भटकत असतो आणि साहित्यविद्या नावाची वधू त्याच्या मागोमाग. शेवटी दोघांचं लग्न लागतं. कुठं? काशीत नाही, उज्जैनला नाही. विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. आणि इथल्या वाकाटक शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा स्वतः कवी होता. 'हरिविजय' नावाचं काव्य त्यानं प्राकृतात लिहिलं. राजा असून लोकांच्या भाषेत लिहिलं. ते काव्य आज हरवलं आहे. इतर ग्रंथकारांनी उद्धृत केलेले काही श्लोक तेवढे उरले. मी म्हटलं, "बाई, ज्या गावात कवितेचं लग्न लागलं, त्या गावात मी जन्मलो. वऱ्हाडी तर सगळेच. मीही त्यांच्यातलाच एक." बाई हसल्या आणि त्यांनी एक कबाब उचलला. मला वाटतं, उत्तर पोचलं.

पण मनात दुसरंच चालू होतं. सर्वसेनाचं काव्य गेलं, स्वामिल्लदेवाचा तलाव गेला. दोन्ही गोष्टी आपल्याला कळतात त्या दुसऱ्या कोणी लिहून ठेवल्या म्हणून. अब्बांना मात्र लिहिता येत नव्हतं. कोणतं गाव चढाला, कोणतं उताराला, कोणत्या ओढ्याला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी, हे सगळं त्यांच्याबरोबर गेलं. त्यांची सायकल मी मोटारसायकल घेतली त्या वर्षी भंगारात दिली. धनुकलीसकट.

ऊन कलल्यावर आम्ही उत्तरेला निघालो, काटा गावाकडे. सकाळी बाभळीचे दोन काटे भेटले होते, हा तिसरा. वाट हळूहळू चढत जाते. काट्याजवळ काटेपूर्णा नदी उगम पावते. तिथं पाहायला काय आहे म्हणाल, तर शेतं, दगड, बोरीची झुडपं. पण वाटाड्यानं आम्हाला थांबवलं आणि हात दोन्हीकडे पसरून सांगितलं, "ह्या बाजूचं पाणी तिकडे. त्या बाजूचं इकडे."

श्रोतेहो, हे जरा नीट ऐका. काटेपूर्णा उत्तरेला जाते. महानच्या धरणात थांबते, तिथून अकोल्याच्या नळांना पाणी जातं. पुढे ती पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. सकाळी आम्ही ज्या उतारावरून गेलो, तिथलं पाणी जातं पैनगंगेला. पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला मिळून होते प्राणहिता, ती गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. अँडीजच्या माथ्यावर असंच आहे. एका अंगाचा पाऊस प्रशांत महासागराला, दुसऱ्या अंगाचा ॲमेझॉनमधून अटलांटिकला. ते पाहायला लोक विमानानं जातात. आमच्या जिल्ह्याच्या अंगावरून दोन समुद्रांची वाटणी करणारी रेघ गेली आहे, आणि आम्ही तिच्यावर सोयाबीन पेरतो. ढग आमच्याकडे येतात, पण आलेलं पाणी दोन्हीकडे घरंगळून जातं. म्हणून तर आमच्या पूर्वजांना १०८ ठिकाणी तीर्थ म्हणून पाणी थांबवावं लागलं असेल. माथ्यावर राहणाऱ्यानं पाणी अडवलं नाही, तर त्याच्या वाट्याला वाहून जाणारं पाणी पाहणंच येतं.

परत निघालो तेव्हा सूर्य टेकला होता. आणि आता वाट उताराची होती. पॅडल न मारता सायकल गावाकडे पळत होती. गार वारा तोंडावर, दूर वाशीमचे दिवे लागत होते. सुबह को चढाव, शाम को ढलान. निदान दिवसाचा दुसरा अर्धा भाग अब्बांच्या नियमात बसला होता.

वाटाड्याच्या घरासमोर सायकली लावल्या. त्याचे वडील ओट्यावर शाल पांघरून बसले होते. मला म्हणाले, "काय पाह्यलं भाऊ दिवसभर? पैसे तं वाया नाही गेले?"

मी म्हटलं, "पाणी कुठून येतं नि कुठं जातं, ते पाहिलं."

ते म्हणाले, "त्याच्यात काय पाहाचं? ते तं मले झोपेतई माहीत आहे." आणि मग त्यांनी बसल्या बसल्या सांगायला सुरुवात केली. कोणत्या धुऱ्यावरून पाणी कोणत्या नाल्याला जातं, पूर्वी कुठं डोह होता, कुठं बांध फुटला आणि पुन्हा कोणी घातलाच नाही. पोरगा सायकल पुसत होता, तो थांबला. खिशातून वही काढून लिहू लागला. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. घरातून चहा आला.

मी गुडघे चोळत ऐकत बसलो. मला फार वाटत होतं की अब्बांच्या पुढ्यातही एकदा असं वही घेऊन बसायला हवं होतं. ते राहून गेलं. पण तुमच्या घरातल्या ओट्यावर असा कोणी अजून बसलेला असेल, तर त्याला विचारा. सायकल नसली तरी चालेल.